पायांपुरता कागद

आमच्या बैठकीच्या भिंतीवर जेवढी माणसं टांगलेली आहेत, ती सगळी छातीपर्यंतच आहेत. बाबांचे वडील, बाबांची आई, आईचे वडील, एक काका. कोट आहे, टोपी आहे, पदर आहे, कुंकू आहे, खाली काही नाही. दसऱ्याला, दिवाळीला आई प्रत्येकाला हार घालते, हात जोडते आणि दर वेळी तीच कुरकुर करते, "डोकं कुठं ठेवावं माणसानं? यांच्या छातीवर?"

तिच्या वडिलांच्या फोटोपुढं ही कुरकुर जरा जास्त वेळ चालते. ती सासरी आली, जबलपूरला, आणि ते तिकडं माहेरी वारले, तिला पोचता आलं नाही. शेवटचा नमस्कार राहिला. मग वाट्याला काय आलं, तर शाळेच्या नोकरीसाठी काढलेला पासपोर्ट फोटो, मोठा करून आणलेला.

म्हणून मी माणसांची चित्रं काढायला शिकून राहिले आहे हे कळल्यावर आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "यांचं काढशील ना, तर पायांसकट काढ बापा. अख्खे. समोर बसवून, जिवंतपणी. मला बाकी काही नको."

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "काहून? मला टांगायची घाई झाली का तुम्हा दोघींना?"

मी त्यांची एकुलती एक. लग्न केलं नाही, कांचघर मोहल्ल्यातल्या या घरात त्यांच्याबरोबरच राहिले आणि शाळेत ड्रॉइंग शिकवत राहिले. शिकवत राहिले म्हणजे काय, तर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड. जबलपुरात कुठं आलंय नारळाचं झाड? पण पोरं काढतात आणि मी लाल पेनानं 'गुड' लिहिते. माणूस कधी शिकवला नाही, कारण मलाच तो येत नव्हता. पन्नाशी उलटल्यावर वाटलं, आता नाही तर कधी? आणि विजय नगरमधल्या एका क्लासला जायला लागले. खाली औषधांचं दुकान, वर क्लास. बाकी सगळी आर्ट कॉलेजच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं आणि त्यांच्यात मी, डब्यात थालीपीठ घेऊन.

सर माझ्यापेक्षा लहान. मला दीदी म्हणायचे, पण मुरवत करायचे नाहीत. पहिल्या दिवशी माझी रेघ बघून म्हणाले, "दीदी, यह तो बिजली का तार है." रेघ सगळीकडं सारखीच जाड होती ना! जिथं अंगाचं वजन पडतं तिथं रेघ दाबायची, जिथं उजेड लागतो तिथं सोडायची, कुठं कुठं तर काढायचीच नाही, बघणारा आपोआप पुरी करतो. इतकी वर्षं पोरांना 'रेघ तुटू देऊ नका' म्हणून रागावत आले होते मी. घ्या!

पण सरांचा पहिला नियम कंपोझिशनचा होता. कागद समोर आला की काहीही काढायच्या आधी वर एक खूण करायची आणि खाली एक खूण करायची. वरची डोक्याच्या शेंड्याची, खालची टाचेची. माणूस या दोन खुणांच्या आत बसवायचा, मग हवं तेवढं नाक-डोळ्यात रमा. "पहले जगह, फिर आदमी," ते पोरांना दरडावून सांगायचे.

माझा स्वभाव तसा नाही. मी स्वयंपाकसुद्धा चव घेत घेत करते, मोजून नाही. मला वाटायचं, चेहरा आला की माणूस आला. आणि चेहरा मला खरंच यायचा. बाबांचा तो जाड काचांचा चष्मा, एक भुवई वर चढलेली, ओठांच्या कोपऱ्यात कायमचा 'काय मूर्ख आहेत लोक' असा भाव, पहिल्याच महिन्यात मी तो पकडला. सरांनी अख्ख्या क्लासला दाखवला. मग काय, मी हवेतच. दर रविवारी सकाळी बाबांना ओसरीत बसवायचं, चेहऱ्यापासून सुरू करायचं, मान, खांदे, बनियनच्या सुरकुत्या, गुडघ्यावरचे हात, आणि पोटऱ्यांपर्यंत यावं तर खाली कागद संपलेला!

"पाय?" आई विचारायची. ती नेमकी तेव्हाच हात पुसत बाहेर यायची.

"पुढच्या रविवारी."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालीस."

"अगं, डोकं जरा मोठं झालं."

"कोणाचं?" बाबा विचारायचे, आणि उठायचे. त्यांचं बसून राहणं म्हणजे अर्धा तास, फार तर. फॅक्टरीत जन्मभर उभं राहून काम केलेला माणूस, खुर्चीत बसला की त्याला आपण आजारी आहोत असं वाटायचं. "चलो, झालं माझं," म्हणून ते फाटकाशी जायचे, रस्त्यावरच्या कोणाला तरी आवाज द्यायचे, आणि माझा मॉडेल गेला.

एकदा कागदाला खाली दुसरा कागद चिकटवून पाहिला. सर म्हणाले, "दीदी, यह पैबंद है, ड्रॉइंग नहीं." तो मी फाडला. आज वाटतं, ठिगळ तर ठिगळ, निदान त्यावर दोन पाय असते.

पण खरं कारण कागद नव्हता. ते आता सांगते, कारण मला स्वतःलाच ते उशिरा कळलं. क्लासमध्ये एक पाय होता. संगमरवरी. मोठ्या गावांतल्या कॉलेजांत म्हणे प्लास्टरची नाकं, कान, हात-पाय असतात, पोरं आधी त्यांच्यावर हात बसवतात, मग जिवंत माणसाकडं वळतात. आमच्या सरांकडं प्लास्टर नव्हतं. ते भेडाघाटला गेले, मूर्ती घडवणाऱ्या एका कारागिराच्या अंगणात कोणत्या तरी देवाची मूर्ती घोट्यापाशी फुटून पडली होती, तिचा पाय घेऊन आले. डावा पाय. बोटं कशी उतरत्या क्रमानं, अंगठा सगळ्यात लांब, करंगळी सगळ्यात लहान, नखं सारखी, टाच गोल. काळ्या कपड्यावर तो ठेवायचे, एका बाजूनं दिवा.

त्या पायानं मला वेड लावलं. शेडिंग म्हणजे काय ते मला त्याच्यावर कळलं. उजेडाची बाजू, मग हळूहळू मंद होत जाणारा उजेड, मग सावलीचा सगळ्यात गडद पट्टा, आणि सावलीच्या आत, अगदी कडेला, खालच्या कपड्यावरून उलटून आलेला पुसट उजेड. तो नाही दाखवला तर पाय सपाट दिसतो, दाखवला तर हातात धरता येईल असा. तळव्याच्या कमानीखाली तो उजेड यायचा, कसा अलगद! मी तो पाय समोरून काढला, बाजूनं काढला, मागून काढला. पेन्सिलनं, कोळशानं. सर म्हणाले, "अब हाथ बैठ रहा है." आणि मी मनाशी ठरवलं, आधी हा पक्का बसू दे. बाबांच्या पायावर पहिल्यांदाच कच्चा हात नको चालवायला. ज्या पायांवर आई डोकं ठेवणार, ते चांगलेच झाले पाहिजेत. वाईट काय होतं यात, सांगा बरं?

संध्याकाळी दिवा लागला की आई काशाची वाटी घ्यायची. बाबा पलंगावर पाय पसरून बातम्या बघायचे, आई खाली पाटावर बसून त्यांच्या तळव्यांना तूप लावायची आणि वाटीनं घासायची. घासता घासता तूप काळं पडायचं, "बघा किती उष्णता आहे अंगात," म्हणायची. बाबांना साखर, पाय बधिर होत चाललेले. डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच, पण आईचा भरवसा वाटीवर. आणि मी? मी त्याच खोलीत, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली, मोबाइलवर त्या दगडाच्या पायाचा फोटो लावून क्लासचा गृहपाठ करून राहिले होते. बाबांचा पाय आईच्या मांडीवर, दिव्याच्या उजेडात. मान वर करायची होती फक्त.

त्या वर्षी मे महिन्यात नागपूरहून मामेभाऊ आला, बायकोला घेऊन. जबलपूरला आलेला पाहुणा भेडाघाटला गेल्याशिवाय परत जात नाही, आम्हालाही न्यावंच लागतं. धुवांधार धबधबा पाहिला, नावेत बसलो, नाववाल्यानं नेहमीचे विनोद केले. मग देवळात गेलो. भर दुपार. चपला खाली काढल्या आणि पायऱ्या चढायला लागलो, तर दगड तव्यासारखे तापलेले. मामेभाऊ उड्या मारून राहिला, त्याची बायको "अगं बाई, अगं बाई" करत सावलीच्या पट्ट्यावरून पळाली, मी साडी वर धरून नाचतच गेले. आणि बाबा? बाबा हात मागे बांधून, एक एक पायरी चढत, गच्चीत फिरावं तसे आले.

"बघा!" मामेभाऊ ओरडला. "याला म्हणतात जुनं हाड!"

आम्ही टाळ्या वाजवल्या हो. खरंच वाजवल्या. मी म्हटलं, "फॅक्टरीत भट्टीपाशी उभं राहिलेत ते, त्यांना काय होतंय!" बाबाही खुशीत येऊन म्हणाले, "तुम्ही लोक लोण्याचे आहात." आणि मुद्दाम उन्हात उभे राहून त्यांनी सगळ्यांना देवळाची माहिती सांगितली, सावकाश.

संध्याकाळी आईनं वाटी टेकवली आणि हात थांबवला. डाव्या पायाच्या तळव्यावर फोड. वाटीएवढा. "दुखत नाही का हो?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "कुठं? काय झालं?"

पुढचं ज्यांच्या घरात साखर आहे त्यांना सांगायला नको. फोडाची जखम झाली, जखम भरेना. अंगठा काळा पडला, मग शेजारचं बोट. रोज ड्रेसिंग. ते करायला यायचा तो मुलगा सुटीवर असला की मी करायची. म्हणजे बाबांचा पाय मी हातात घेतलाय, ओंजळीत धरलाय, इतक्या जवळून पाहिलाय. पण मी जखम पाहत होते. कडा लाल आहे का, पाणी येतंय का, वास येतोय का. पाय कुणी पाहिला? पट्टीच्या वर घोटा दिसायचा, तोही सुजलेला. मी डॉक्टरांना मोबाइलवर फोटो पाठवायची, रोज. आज माझ्याकडं बाबांच्या डाव्या पायाचे एवढे फोटो आहेत आणि त्यातल्या एकातही त्यांचा पाय नाही.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबण्यात अर्थ नाही, घोट्याच्या वरून कापावा लागेल, नाही तर गुडघा जाईल. बाबा म्हणाले, "काप म्हणा. जन्मभर दुसऱ्यांचं लोखंड कापलं, आपली पाळी आली तर रडायचं काहून?" आणि मग मान फिरवून भिंतीकडं बघत बसले. मी पहिल्यांदा पाहिलं, ती भुवई खाली आली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात बसले होते. आई घरी डबा करायला गेली होती. बाबा म्हणाले, "तुझा तो बोर्ड आणला नाहीस आज?"

बोर्ड पिशवीत होताच. मला लाज वाटत होती तो बाहेर काढायची.

"तुझ्या आईला पाय पाहिजेत ना? बस मग. आज मी कुठं जाऊन राहिलो? हालतही नाही."

मी बसले. खरं सांगते, त्या दिवशी मी वर खूण केली, खाली खूण केली, सरांनी सांगितली तशी. पण पायाला पट्ट्या, जाडच्या जाड, आणि त्यांवर हिरवी चादर. नर्सला विचारलं, थोडा वेळ उघडा ठेवता येईल का, ती म्हणाली, "क्या बात कर रही हैं आंटी, इन्फेक्शन हो जाएगा." बरोबरच होतं तिचं. मग मी चादर काढली. चादरीच्या घड्या, गुडघ्यावरून उतरलेल्या, पावलांपाशी उंचवटा झालेल्या. घड्या छान आल्या. दोन्ही खुणांच्या आत माणूस नीट बसला. सरांनी पाहिलं असतं तर खूश झाले असते. बाबांनी पाहिलं आणि विचारलं, "पाय कुठं आहेत?" मी म्हटलं, "चादरीखाली." ते म्हणाले, "अच्छा," आणि डोळे मिटून घेतले.

त्या 'अच्छा'चं मला अजून काही करता आलेलं नाही.

ते घरी आले. दिवाळी जवळ आली. संध्याकाळी आई पुन्हा वाटी घेऊन पाटावर बसायला लागली, एका पायासाठी. अर्ध्या वेळात काम व्हायचं आणि मग ती तशीच बसून राहायची, वाटी हातात धरून. एकदा तिनं, सवयच ती, वाटी उजव्या पायावरून डावीकडं नेली. तिथं पलंगाची चादर होती. तिनं वाटीनं चादरीची सुरकुती सारखी केली, जणू त्यासाठीच नेली होती. मी तोंड फिरवलं.

पाडव्याला ओवाळून झाल्यावर ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "ते चित्र तेवढं कर आता. दोन्ही पायांचं. यांचं वय झालं, माझंही झालं. तुझ्या वहीत, कागदांत कुठं तरी असतीलच ना यांचे पाय? इतकी चित्रं काढलीस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रात्रीची वाटही न बघता त्याच दुपारी सगळ्या गुंडाळ्या सोडल्या आणि फरशीवर पसरल्या. बाबाच बाबा. चेहरा, चेहरा, खांदे, हात. एकात गुडघ्यापर्यंत, एकात पोटऱ्यांपर्यंत. एकात तर घोट्याची रेघ सुरू होऊन कागद संपलेला. आणि मध्येमध्ये तो दगडाचा पाय, समोरून, बाजूनं, मागून, उजेड कसा अलगद. मी त्या फरशीवर बसून स्वतःला काय काय शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मग मी मोठा कागद आणला. वरची खूण, खालची खूण. बाबांना ओसरीत बसवलं. त्यांनी यावेळी घाई केली नाही, घाई करून जाणार कुठं? चार-पाच रविवार लागले. चेहरा तर मला डोळे मिटून येतो. हात सावकाश केले, बोटांच्या पेरांपाशी रेघ दाबली, मनगटापाशी सोडली. उजवा पाय समोर होता, तो बघून काढला. उरला डावा.

डोळे मिटून आठवायला लागले. अंगठ्याचं नख वाकडं होतं, फॅक्टरीत काही तरी पडलं होतं त्यावर, मी लहान असताना. वाकडं म्हणजे कुठल्या बाजूला? शेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं की अंगठ्याखाली गेलेलं? बाबांना विचारलं. "अरे, आपल्या पायाकडं कोण बघतं? बुटात असायचा तो." आईला विचारलं. आईनं वाटी धरतात तशी ओंजळ केली, बोटं हवेत फिरवली, आणि म्हणाली, "हाताला माहीत आहे गं. सांगता येत नाही."

शेवटी मी काढला. मन लावून काढला. हात कसा सरसर चालला! कुठं अडखळला नाही, खोडावं लागलं नाही. मला वाटलं, आठवतंय. इतकी वर्षं पाहिलेला पाय, असा कसा विसरेन, आतून येतोय तो. कमानीखालचा पुसट उजेडही आला. मी स्वतःवर इतकी खूश होते की कागद तसाच बोर्डासकट उचलून पलंगापाशी नेला.

बाबांनी चष्मा नीट केला. वरून खाली बघत आले. पायांशी आल्यावर थांबले आणि त्यांची ती भुवई कितीतरी दिवसांनी वर चढली.

"असा पाय असता," ते म्हणाले, "तर डॉक्टरची हिंमत झाली असती का कापायची?"

मी पाहिलं. उतरत्या क्रमानं बोटं. अंगठा सगळ्यात लांब. नखं सारखी. टाच गोल. बाबांच्या उजव्या, फुगीर शिरांच्या, भेगाळलेल्या पायाशेजारी तो देवाचा डावा पाय, भेडाघाटचा, घोट्यापाशी फुटलेला.

आई हसली नाही. तिनं वाकून पाहिलं, त्या पायाच्या अंगठ्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. "छान आहे गं," ती म्हणाली. "पण हे कोणी दुसरे आहेत."

मी रडले. पन्नाशीची बाई, आईबापांसमोर भोकाड पसरून रडले. म्हटलं, मला येतच नाही तो, आई, मी पाहिलाच नाही कधी. मला फक्त चांगला काढायचा होता. बाबा म्हणाले, "अरे, मी गंमत केली." आईनं कोनाड्यातून वाटी घेतली, पाटावर बसली, आणि बाबांचा उजवा पाय मांडीवर घेतला.

"ये इथं," ती म्हणाली. "हा आहे ना अजून? हा काढून ठेव."

मी नवा कागद घेतला आणि फरशीवर, तिच्या गुडघ्याला टेकून बसले. डोक्याची खूण करायची नव्हती. खालून सुरुवात केली, टाचेपासून. रेघ भेगांवर अडखळत गेली, जाऊ दिली. घोट्याचं हाड, त्याच्यामागची खोल सावली, बोटांवरचे पांढरे केस, करंगळी आत मुडपलेली, बुटात मुडपून मुडपून तशीच राहिलेली. तुपानं नखं चमकत होती, तिथं कागद कोरा सोडला. मधून मधून आई वाटी उचलून धरायची, मला दिसावं म्हणून. बाबा बातम्या बघत होते आणि बातम्या सांगणाऱ्याशी भांडत होते.

झाल्यावर आईनं कागद हातात घेतला, दिव्याखाली नेला. "हो," म्हणाली. "हे तुझे बाबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तो फ्रेमवाल्याकडं घेऊन गेलो. त्यानं कागद काचेवर सपाट केला, पट्टी लावली आणि तोंड वाकडं केलं. तेव्हा मलाही दिसलं. पाय कागदाच्या डाव्या अर्ध्यात होता, पार कडेला. उजवा अर्धा कोरा, आणि त्या कोऱ्या जागेत खाली, पहिल्या टाचेच्या ओळीत, पेन्सिलची एक बारीक खूण. दुसऱ्या टाचेची. ती मी केव्हा केली, मला आठवत नाही.

"माताजी," फ्रेमवाला आईला म्हणाला, "आधा काग़ज़ तो खाली है. यहाँ से काट दूँ? फ्रेम भी छोटी बनेगी."

आईनं त्या खुणेवर तळहात ठेवला.

"नहीं भैया," ती म्हणाली. "अब कुछ मत काटो."